वजन टाका, रेट घ्या: डोस-मोड असलेल्या सिरिंज पंपाचं परीक्षण

सिरिंज पंप म्हणजे सिरिंजचा दट्ट्या हळूहळू ढकलून ठरलेल्या वेगाने औषध देणारं यंत्र. त्यात आता ‘डोस-मोड’ जवळपास सरसकट मिळतो. रुग्णाचं वजन, सिरिंजमध्ये किती औषध किती मिलीमध्ये आहे ते, आणि डॉक्टरांनी लिहिलेला डोस एवढं भरलं की पंप ताशी किती मिली सोडायचं ते स्वतः काढतो. विक्रेते पंप दाखवताना सगळा भर याच सोयीवर देतात. पण गुणाकार-भागाकार चुकणारा पंप शोधूनही सापडत नाही. पंपापंपात खरा फरक दोन जागी पडतो: तो तुमच्याकडून आकडे कसे मागून घेतो आणि तासाला २ मिलीच्या खाली गेल्यावर त्याचं यंत्र कसं वागतं. हे परीक्षण एका मॉडेलचं नाही, या प्रकारच्या पंपांचं आहे. आयसीयू, ऑपरेशन थिएटर किंवा नवजात कक्षासाठी पंप घेताना काय तपासायचं आणि घेतल्यावर तो कसा वापरायचा, एवढाच विषय.

आधी हिशोब हाताने

पंप घेतला म्हणून हिशोब विसरून चालत नाही, कारण स्क्रीनवरचा आकडा वेडावाकडा असेल तर तो ओळखणारं दुसरं कोणी नसतं. सूत्र एकच आहे. डोस मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट असेल तर त्याला वजनाने गुणा, मग ६० ने गुणा आणि एका मिलीत जितके मायक्रोग्रॅम आहेत त्याने भागा. उत्तर येतं ते मिली प्रति तास.

नॉरअ‍ॅड्रेनॅलीन (रक्तदाब वाढवणारं औषध) ४ मिग्रॅ, एकूण ५० मिली. म्हणजे एका मिलीत ८० मायक्रोग्रॅम. रुग्ण ६० किलोचा, डोस ०.१. गणित असं: ०.१ गुणिले ६० म्हणजे मिनिटाला ६ मायक्रोग्रॅम, तासाला ३६०, भागिले ८०, उत्तर ४.५ मिली प्रति तास. पंपाने ४.५ दाखवलं तर ठीक. ४५ किंवा ०.४५ दाखवलं तर स्टार्ट दाबायचा नाही.

याहून कामाची युक्ती म्हणजे उलटा हिशोब एकदाच करून सिरिंजच्या लेबलवर लिहून ठेवणं: ‘१ मिली प्रति तास बरोबर किती डोस’. वरच्या उदाहरणात तासाला १ मिली म्हणजे तासाला ८० मायक्रोग्रॅम. ८० ला ६० मिनिटांनी आणि मग ६० किलोने भागलं की ०.०२२. आता रात्री कोणी रेट ४.५ वरून ९ केला तर डोस ०.२ झाला हे तोंडी सांगता येतं. पंप बंद पडून दुसरा, डोस-मोड नसलेला पंप लावायची वेळ आली तरी हाच आकडा कामी येतो. दर्जेदार पंप स्क्रीनवर रेट आणि डोस दोन्ही एकाच वेळी, सारख्या ठळक अक्षरात दाखवतात. काही पंपांत डोस पाहायला मेनूत जावं लागतं. तसा पंप आम्ही कोणालाही सुचवणार नाही.

पंप आकडे कसे मागतो

डोस-मोडमध्ये पंप साधारण या क्रमाने विचारतो: औषधाचं नाव, एकूण औषध, एकूण व्हॉल्युम, वजन, डोसचं एकक, डोस. यातल्या प्रत्येक पायरीवर एकेक सापळा आहे.

औषध आणि व्हॉल्युम हे दोन वेगळे आकडे म्हणून विचारणारा पंप चांगला. ‘४ मिग्रॅ, ५० मिली’ भरलं की एका मिलीत ८० मायक्रोग्रॅम हे तो स्वतः काढतो आणि दाखवतो. नुसती तीव्रता मागणारे पंप असतात, त्यात ०.०८ मिग्रॅ प्रति मिली भरताना शून्य इकडचं तिकडे व्हायला वेळ लागत नाही. व्हॉल्युम म्हणजे मिसळून झाल्यावरचं एकूण, हे नवीन माणसाला प्रत्येक वेळी सांगावं लागतं. औषध ४ मिली असेल तर त्यात ४६ मिली द्रव घालून ५० करायचे. पूर्ण ५० मिलीत ४ मिली औषध ओतलं तर झाले ५४, आणि पंपाला सांगितलेले ५०. डोस सात टक्क्यांहून जास्त कमी पडला आणि स्क्रीन मात्र समाधानी.

नॉरअ‍ॅड्रेनॅलीनच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लेबल नीट वाचल्याशिवाय कळत नाही. काही अँप्युलवर बेसचं वजन असतं, काहींवर बायटार्ट्रेट क्षाराचं. २ मिग्रॅ बायटार्ट्रेट म्हणजे बेस फक्त १ मिग्रॅ. पुरवठादार बदलला, लेबलची पद्धत बदलली, आणि पंपात जुनाच आकडा राहिला, तर डोस अर्धा किंवा दुप्पट होतो. पंपाच्या लायब्ररीत (आत साठवलेल्या औषधांच्या यादीत) औषधाचं नाव भरताना ‘बेस’ हा शब्द नावातच घालून ठेवावा.

एककांचा घोटाळा सर्वांत महाग पडतो. प्रति मिनिट आणि प्रति तास यांत ६० पटींचा फरक, मिग्रॅ आणि मायक्रोग्रॅम यांत हजार पटींचा. मायक्रोग्रॅमसाठी ग्रीक अक्षर वापरणारी स्क्रीन लांबून वाचताना मिग्रॅसारखी दिसते. पंपाने एकक पूर्ण लिहिलेलं हवं. हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) आणि इन्सुलिनसाठी ‘युनिट प्रति किलो प्रति तास’ हा पर्याय यादीत आहे का, हे घेण्याआधीच बघा. नसेल तर कर्मचारी युनिटला मिग्रॅ समजून आकडे भरतात. गणित जुळतं, पण स्क्रीनवर लिहिलेलं खोटं असतं. हेपरिन २५,००० युनिट ५० मिलीत घेतलं तर एका मिलीत ५००. ७० किलोच्या रुग्णाला तासाला किलोमागे १८ युनिट म्हणजे १,२६० युनिट, म्हणजे २.५२ मिली. पंप एकच दशांश स्थळ दाखवत असेल तर तो २.५ वर थांबेल. या औषधासाठी तेवढ्याने बिघडत नाही. बाळांच्या बाबतीत बिघडतं, ते पुढे.

आता वजन. काही पंप मागच्या रुग्णाचं वजन लक्षात ठेवतात आणि पुढच्या वेळी तेच तयार दाखवतात. ही सोय नाही, दोष आहे. समजा ८० किलो राहून गेलं आणि आता बेडवर ४५ किलोची रुग्ण आहे. वरच्याच सिरिंजमधून ०.१ डोस मागितला तर पंप ६ मिली प्रति तास सोडेल. तिला खरा डोस मिळतो ०.१७८. स्क्रीनवर मात्र ०.१ लिहिलेलं, म्हणून रक्तदाब वर का चालला आहे हे शोधण्यात वेळ जातो. पंप सुरू करताना ‘नवा रुग्ण की तोच’ हा प्रश्न विचारणारा आणि ‘नवा’ म्हटल्यावर वजनाची जागा रिकामी करणारा पंप हवा. वजन शून्य ठेवून पुढे जाऊ देतो का, हेही दाबून बघा. देता कामा नये.

कोणतं वजन भरायचं, हे पंप सांगत नाही आणि त्याने सांगावं अशी अपेक्षाही नाही. पण युनिटमध्ये ते ठरलेलं हवं. स्थूल रुग्णात प्रत्यक्ष वजन आणि उंचीवरून काढलेलं आदर्श वजन यांत मोठी तफावत असते. डिव्हाइनच्या सूत्राने पुरुषाचं आदर्श वजन ५० किलो अधिक १५२.४ सेंटीमीटरच्या वरच्या प्रत्येक सेंटीमीटरला ०.९१ किलो, स्त्रीचं ४५.५ पासून तसंच. १७० सेंटीमीटर उंचीच्या पुरुषाचं ६६ किलो येतं, मग काट्यावर तो १२० का असेना. शिवाय आयसीयूत दोन-तीन दिवसांत अंगात पाणी साचून वजन ५-६ किलो वाढतं. ते भरून पंपातलं वजन रोज बदलत बसलं तर डोस तोच ठेवूनही रेट हलतो. दाखल होतानाचं एक वजन ‘डोसचं वजन’ म्हणून केसपेपरवर लिहायचं आणि सगळ्या पंपांत तेच. एकाच रुग्णाच्या तीन पंपांत तीन वजनं दिसणं ही कल्पनेतली गोष्ट नाही.

एक अपवाद इथेच सांगायला हवा. लहान मुलांच्या सलाइनसाठी हॉलिडे-सेगरचं ४-२-१ सूत्र वापरतात: पहिल्या १० किलोला किलोमागे ४ मिली, पुढच्या १० ला २, त्यावर १. २२ किलोच्या मुलाला ४० अधिक २० अधिक २, म्हणजे तासाला ६२ मिली. डोस-मोडमध्ये ‘मिली प्रति किलो प्रति तास’ निवडून ४ भरलं तर पंप ८८ काढेल. सरळ गुणाकाराचा मोड टप्प्यांच्या सूत्राला चालत नाही. इथे हिशोब कागदावर करून साधा रेट-मोड वापरायचा.

सिरिंज ओळखणं

पंपाला सिरिंज दिसत नाही. पकडीतला सेन्सर फक्त बाहेरचा व्यास मोजतो आणि त्यावरून १०, २०, ३० की ५० मिली एवढं ठरवतो. कंपनी कोणती ते तुम्हाला यादीतून निवडावं लागतं. का? कारण पंप दट्ट्या किती मिलिमीटर सरकवायचा एवढंच नियंत्रित करतो. त्यातून किती मिली बाहेर पडेल ते आतल्या व्यासावर ठरतं, आणि तेही व्यासाच्या वर्गाने. पंपाला २८ मिलिमीटर वाटतंय आणि सिरिंज २९ ची आहे, तर औषध सात टक्के जास्त जाणार. ±२ टक्के अचूकतेची जाहिरात मग कागदावरच राहते.

म्हणून खरेदीच्या वेळी विचारायचा पहिला प्रश्न हा: आमच्या स्टोअरमध्ये येणारी सिरिंज तुमच्या यादीत आहे का, आणि उद्या खरेदी विभागाने कंपनी बदलली तर नवी सिरिंज कॅलिब्रेट करून देणार का, किती दिवसांत? लुअर-लॉकच (लाइन फिरवून घट्ट बसते ती) सिरिंज वापरायची हे वेगळं सांगायला नको. साधी टोकाची सिरिंज दाब चढला की निसटते.

हळू रेटला पंप कसा वागतो

इथे चांगला पंप आणि स्वस्त पंप वेगळे पडतात.

सिरिंज बसवून स्टार्ट दाबला की औषध लगेच निघत नाही. दट्ट्याचं टोक आणि पंपाचा ढकलणारा भाग यांच्यात फट असते, गिअरमध्ये ढिलाई असते, रबर आधी दबतं. तासाला १ मिलीच्या रेटला ही फट भरून निघायला बराच वेळ जाऊ शकतो. उपाय प्रत्येक पंपात दिलेला आहे, फक्त वापरला जात नाही: सिरिंज बसवल्यावर, लाइन रुग्णाला जोडण्याआधी, पर्जचं बटण दाबून लाइनच्या टोकाला थेंब येईपर्यंत ढकलणं. हाताने लाइन भरून मग सिरिंज पंपात बसवली तर फट तशीच राहते. क्रम महत्त्वाचा आहे: आधी पंपात बसवा, मग पंपाकडूनच पर्ज करा, मग जोडा. इन्सुलिनला आणखी एक पायरी. ते लाइनच्या प्लास्टिकला चिकटतं, म्हणून आधी २० मिली द्रावण लाइनमधून वाहून टाकतात, नाहीतर सुरुवातीचे काही तास रुग्णाला कमी इन्सुलिन मिळतं.

एक्स्टेन्शन लाइनचा व्यास कोणी पाहत नाही. १५० सेंटीमीटर लांब आणि आतून १ मिलिमीटर व्यासाच्या लाइनमध्ये सुमारे १.२ मिली मावतं. तेवढ्याच लांबीच्या, पण आतून २.५ मिलिमीटरच्या लाइनमध्ये सात मिलीच्या वर. तासाला १ मिली चालू असेल आणि लाइनमध्ये आधी साधं सलाइन भरलेलं असेल तर औषध पोचायला पहिल्या लाइनमध्ये सव्वा तास आणि दुसरीत सात तास. पंपाची अचूकता वादातीत असेल, लाइन चुकीची असेल तर तिचा उपयोग शून्य. प्रेशर-मॉनिटरिंगची कडक, बारीक लाइन घ्या, आणि पंपाच्या किमतीत लाइनचा खर्च धरूनच तुलना करा.

थ्री-वेमधून (लाइनवरच्या तीन तोंडांच्या तोटीतून) त्याच लाइनमध्ये दुसरं औषध ढकलणं हे याचंच भावंड. अँटिबायोटिक ढकललं की थ्री-वेच्या पुढच्या भागात साचलेलं नॉरअ‍ॅड्रेनॅलीन एकदम आत जातं, रक्तदाब उसळतो, आणि मागून नवं औषध येईपर्यंत खाली जातो. या औषधांना सेंट्रल लाइनचं (मोठ्या शिरेत घातलेल्या नळीचं) स्वतंत्र लुमेन, म्हणजे आतला वेगळा मार्ग, द्या.

ऑक्लुजनचा (लाइन अडल्याचा) अलार्म हा पंपाच्या माहितीपत्रकातला सर्वांत फसवा भाग. लाइन दबली किंवा थ्री-वे बंद राहिला की पंप ताबडतोब ओरडेल असं सगळ्यांना वाटतं. प्रत्यक्षात पंप ढकलतच राहतो, लाइन फुगते, सिरिंजचं रबर दबतं, आणि ठरवलेला दाब गाठला की मग अलार्म. तो दाब गाठायला १ मिली लागत असेल तर ४.५ मिलीच्या रेटला १३ मिनिटं, १ मिलीच्या रेटला पूर्ण तास. तेवढा वेळ रुग्णाला औषध नाही. नॉरअ‍ॅड्रेनॅलीनचा परिणाम एक-दोन मिनिटांत ओसरायला लागतो, म्हणजे अलार्मच्या कितीतरी आधी मॉनिटरवर रक्तदाब पडलेला दिसेल.

आणि मग घाईत कोणीतरी थ्री-वे उघडतं. साठलेला दाब एकदम सुटतो आणि अर्धा मिली आत जातो. ८० च्या तीव्रतेत अर्धा मिली म्हणजे ४० मायक्रोग्रॅम, सुमारे पावणेसात मिनिटांचा डोस एका क्षणात. बरोबर पद्धत: आधी रुग्णाकडची बाजू बंदच ठेवायची, थ्री-वे बाहेरच्या बाजूला उघडून दाब सोडायचा, मग अडथळा काढायचा, मग चालू. नवे पंप अलार्मनंतर दट्ट्या थोडा मागे घेऊन दाब स्वतः उतरवतात. खरेदीत या गोष्टीसाठी चार पैसे जास्त द्यायला हरकत नाही. दाबाची मर्यादा बदलता येते का तेही पाहा. लहान मुलांसाठी ती खाली आणावी लागते. लहान सिरिंज वापरली तरी अलार्म लवकर येतो, कारण तेवढाच व्हॉल्युम ढकलायला दट्ट्या जास्त सरकतो आणि दबणारं रबरही कमी.

पंपाची उंची बदलणं हा असाच दुर्लक्षित मुद्दा. पंप रुग्णापेक्षा १ मीटर वर नेला की सुमारे ७४ मिमी पाऱ्याएवढा जास्तीचा दाब लाइनवर येतो आणि थोडं औषध एकदम आत सरकतं. खाली आणला की उलट, काही मिनिटं काहीच जात नाही. सिटी स्कॅनला नेताना पंप बेडवरून स्टँडवर, स्टँडवरून ट्रॉलीवर जातो, आणि रक्तदाब का हलला ते कोणाला कळत नाही. पंप हृदयाच्या पातळीला ठेवायचा आणि हलवताना पातळी राखायची. दट्ट्याचं टोक खाचेत नीट अडकलं नसेल आणि पंप उंच असेल तर सिरिंज स्वतःहून रिकामी होऊ शकते. दट्ट्या सुटल्याचा अलार्म हवाच, आणि लाइनला अँटि-सायफन व्हॉल्व्ह (औषध आपोआप ओढलं जाऊ न देणारी झडप) असेल तर उत्तम.

नवजात कक्ष

बाळांसाठी अजूनही अनेक जण ‘सहाचा नियम’ वापरतात. वजनाला ३ ने गुणून तितके मिग्रॅ ५० मिलीत घातले की तासाला १ मिली म्हणजे किलोमागे मिनिटाला १ मायक्रोग्रॅम. १०० मिलीसाठी ६ ने गुणायचं, म्हणून ते नाव. डोस-मोड नसलेल्या पंपावर हे फार सोयीचं. ३ किलोच्या बाळाला डोपामिन (हेही रक्तदाब वाढवणारं औषध) ९ मिग्रॅ ५० मिलीत, डोस ५ हवा तर रेट ५. डोकं चालवायला नको.

पण डोकं आता सिरिंज भरताना चालवावं लागतं. ४० मिग्रॅ प्रति मिलीच्या अँप्युलमधून ९ मिग्रॅ म्हणजे ०.२२५ मिली. १ मिलीच्या सिरिंजमध्ये हे मोजलं आणि मग ‘सगळं औषध जाऊ दे’ म्हणून त्याच सिरिंजमध्ये द्रव ओढून पुन्हा ढकलला, की सुईच्या हबमध्ये (सुई बसते त्या टोकात) राहिलेलं ०.०५ मिलीसुद्धा आत गेलं. ते २ मिग्रॅ. म्हणजे २२ टक्के जास्त, आणि पंपाला त्याचा पत्ता नाही. आधी पातळ करून घ्या: १ मिली औषध अधिक ३ मिली द्रव, झाले १० मिग्रॅ प्रति मिली, त्यातले ०.९ मिली. आणि सिरिंज धुवायची नाही.

डोस-मोडचा पंप असेल तर सहाचा नियम सोडून ठरावीक तीव्रतेच्या सिरिंजवर यावं असं आमचं स्पष्ट मत आहे. प्रत्येक बाळाची तीव्रता वेगळी असण्यापेक्षा कक्षात एका औषधाच्या एक-दोनच तीव्रता असल्या की सिरिंज भरतानाची चूक आणि लेबलची अदलाबदल दोन्ही कमी होतात. त्यासाठी पंपाला दोन दशांश स्थळं हवीत. तासाला ०.४५ मिली सोडायचं असताना पंप ०.४ किंवा ०.५ च घेत असेल तर फरक ११ टक्के. प्रौढांसाठी उत्तम ठरलेले काही पंप इथे नापास होतात.

केव्हीओ (‘कीप व्हेन ओपन’) रेटही इथेच तपासा. सिरिंज संपत आली की पंप शीर उघडी राहावी म्हणून ठरलेल्या हळू रेटवर जातो. तो रेट ०.५ असेल आणि बाळाला ०.३ चालू असेल तर संपताना औषध वाढेल! जो कमी असेल तो रेट घेणारा पंपच बरोबर. प्रौढांमध्ये अडचण उलट: ४.५ वरून १ वर गेलं की रक्तदाब कोसळतो. त्यामुळे ‘संपत आलं’चा पहिला इशारा किमान १५ मिनिटं आधी यावा आणि ती वेळ बदलता यावी. तेवढ्यात दुसऱ्या पंपावर भरलेली सिरिंज पर्ज करून, चालू करून तयार ठेवता येते.

मर्यादा आणि लायब्ररी

महागड्या पंपांत औषधांची लायब्ररी असते. प्रत्येक औषधाला सौम्य मर्यादा आणि कडक मर्यादा. सौम्य ओलांडली तर पंप विचारतो आणि ‘हो’ म्हटलं की चालतो. कडक ओलांडूच देत नाही. डोसची चूक इथे काही प्रमाणात पकडली जाते. डोस बरोबर पण वजन चुकलं असेल तर मात्र नाही, कारण मर्यादा डोसवर असते. वजनाला स्वतंत्र मर्यादा देणारे पंप आहेत, बालविभागासाठी तेच घ्या.

लायब्ररी रिकामी येते किंवा कंपनीच्या नमुन्याची येते. ती युनिटच्या प्रोटोकॉलप्रमाणे भरण्याचं काम दोन दिवसांचं नाही आणि ते विक्रेत्याचंही नाही. भरली नाही तर कर्मचारी ‘इतर औषध’ निवडून चालवतात, आणि तिथे कोणतीच मर्यादा लागू होत नाही. अशा पंपावर जास्तीचे पैसे घालणं म्हणजे कुलूप विकत घेऊन दार उघडं ठेवणं. साधा डोस-मोडचा पंप आणि भिंतीवर छापील तक्ता, हे जोडी म्हणून जास्त चालतं.

पंप नसेल तर

डोस-मोडच्या पंपाची तुलना शेवटी थेंब मोजण्याशी होते, म्हणून तेही. मॅक्रो सेटमध्ये साधारण २० थेंबांचा १ मिली, काही सेटमध्ये १० किंवा १५. पाकिटावर छापलेलं असतं, ते वाचा. मायक्रो सेटमध्ये ६० थेंबांचा १ मिली, त्यामुळे मिनिटाला जितके थेंब तितकेच तासाला मिली. २० च्या सेटला मिली प्रति तासाला ३ ने भागायचं, १५ ला ४ ने, १० ला ६ ने.

डोपामिन ४०० मिग्रॅ ५०० मिलीत, म्हणजे एका मिलीत ८०० मायक्रोग्रॅम. ६० किलोला डोस ५ दिला तर तासाला २२.५ मिली. मायक्रोवर मिनिटाला २२-२३ थेंब, मोजता येतात. मॅक्रोवर साडेसात, म्हणजे एक थेंब इकडेतिकडे झाला तरी १३ टक्के फरक. मॅक्रो सेटवर हे औषध चालवूच नये. आणि मायक्रोवरही रोलरखालचं (प्रवाह कमीजास्त करणाऱ्या चाकाखालचं) प्लास्टिक दबून सैलावतं, पहिल्या काही मिनिटांतच रेट सरकतो. रुग्णाने कोपर वाकवला, बाटलीतली पातळी उतरली, तरी सरकतो. १५ मिनिटांनी पुन्हा पूर्ण मिनिटभर मोजायचं, १५ सेकंद मोजून चारने गुणणं इतक्या कमी थेंबांना पुरत नाही.

अ‍ॅमिओडेरोनचं (हृदयाची बिघडलेली लय सुधारणारं औषध) उदाहरण वेगळं लक्षात ठेवा. त्या द्रावणात थेंब लहान पडतात. थेंब मोजून दिलं तर रुग्णाला ३० टक्क्यांपर्यंत कमी औषध मिळू शकतं. मोजणारा चुकलेला नसतो, थेंबच छोटा असतो. त्याला व्हॉल्युमवर चालणारा पंपच हवा.

डायलच्या रेग्युलेटरवर (सलाइनच्या लाइनवरची फिरवायची चकती) मिली प्रति तास छापलेलं असल्यामुळे तो पंपाचा स्वस्त पर्याय वाटतो. तो पर्याय नाही. ते आकडे ठरावीक उंचीला आणि पातळ द्रवाला लागू असतात. बाटली खाली-वर झाली, बारीक कॅन्युला असली की आकडा आणि प्रवाह यांची फारकत. साध्या सलाइनला छान, दाब वाढवणाऱ्या औषधांना अजिबात नाही.

डेमोला आलेला पंप कसा तपासायचा

माहितीपत्रकातली अचूकता आयईसी ६०६०१-२-२४ या मानकाप्रमाणे मोजलेली आहे का आणि ट्रम्पेट आलेख दिला आहे का, ते विचारा. हा आलेख थोड्या वेळाच्या खिडकीत रेट किती वरखाली होतो ते दाखवतो. सरासरी ±२ टक्के असूनही दोन मिनिटांच्या खिडकीत चूक मोठी असू शकते, आणि मिनिटा-दोन मिनिटांत ओसरणाऱ्या औषधाला तीच खिडकी महत्त्वाची.

मग स्वतः मोजा. तुमच्याच स्टोअरची ५० मिली सिरिंज, शुद्ध पाणी, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा. तासाला ५ मिलीवर लावा, पहिला अर्धा तास सोडून द्या, पुढचा एक तास झाकलेल्या भांड्यात गोळा करा. ५ ग्रॅम यायला हवं, ४.९ ते ५.१ चालेल. हेच तासाला १ मिलीवर पुन्हा करा, पण चार तास. नंतर टोकाचा थ्री-वे बंद करून अलार्मपर्यंतचा वेळ घड्याळावर पाहा, आणि थ्री-वे उघडताना पडणारं पाणी त्याच काट्यावर तोला. अर्ध्या ग्रॅमच्या वर पडलं तर तो पंप नॉरअ‍ॅड्रेनॅलीनसाठी नको.

शेवटी प्लग काढा. बॅटरीवर तासाला ५ मिलीने किती तास चालतो ते नव्या पंपावर मोजून तारखेसह पंपाच्या मागे चिकटवा, आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा मोजा. वेळ निम्म्यावर आली की बॅटरी बदलायची, रुग्ण लिफ्टमध्ये असताना पंपाने सांगायची वाट पाहायची नाही. बॅटरी कोणत्या प्रकारची आहे, ती सहज मिळते का आणि बदलायला पंप कंपनीकडे पाठवावा लागतो का, हे करारावर सही करण्याआधी लेखी घ्या.